नार्सिससला पाण्यात कोण दिसलं?

तुमच्या लांबलचक मेसेजमधले मुख्य प्रश्न तीन. रील्स बघून तुमची खात्री झाली आहे की नवरा नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला आहे, पण हा नार्सिसस मुळात कोण? स्वतःच्या रूपावर भाळलेल्या एका ग्रीक पोराचं नाव मानसशास्त्राने आजाराला का दिलं? आणि अशी माणसं बदलतात का?

पहिल्या दोन प्रश्नांवर मी जरा जास्तच रेंगाळणार आहे. तिसऱ्याचं बरंचसं उत्तर तिथेच सापडतं.

सव्वीस वर्षांपूर्वी मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम सुरू केलं, तेव्हा हा शब्द कोणा पेशंटच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. आता आठवड्याला दोन-तीन जण तो बरोबर घेऊनच येतात. गंमत म्हणजे तो कधीच स्वतःबद्दल नसतो. नवरा, सासू, बॉस, सोडून गेलेली मैत्रीण. मराठीत आपण ज्याला ‘गची बाधा’ म्हणतो, त्या प्रत्येकाला आता हे एकच लेबल चिकटतं.

गोष्ट आपल्याला माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. देखणा मुलगा तळ्यात स्वतःला बघतो, प्रेमात पडतो, झुरून मरतो, त्याचं फूल होतं. एवढीच सांगितली तर ती गर्वाचं घर खाली असं सांगणारी बालकथा होते. पण इसवी सन 8 च्या सुमारास ‘मेटामॉर्फोसिस’च्या तिसऱ्या भागात ती लिहिणारा रोमन कवी ओव्हिड इतका सरळ माणूस नव्हता.

त्याच्या कथेत नार्सिससची आई लिरिओपी ही जलपरी. सेफिसस या नदीच्या देवाने तिला आपल्या प्रवाहात कोंडून तिच्यावर बळजबरी केली, त्यातून हा मुलगा झाला. रील्समध्ये हा भाग येत नाही. माझं लक्ष मात्र दर वेळी तिथेच अडतं. आई आंधळ्या द्रष्ट्या टायरेसियसला विचारते, पोराला दीर्घ आयुष्य आहे का? तो म्हणतो, आहे, पण त्याने स्वतःला ओळखलं नाही तरच. ज्या ग्रीकांच्या डेल्फीच्या मंदिरावर ‘स्वतःला ओळख’ असं कोरलेलं होतं, त्यांच्याच गोष्टीत हे भविष्य. ओव्हिडने ती पाटी बरोबर उलटी टांगली.

मुलगा सोळा वर्षांचा होतो. मुलं-मुली दोघंही त्याच्यामागे लागतात, तो कोणालाच जवळ येऊ देत नाही. त्यातली एक एको. ज्युनो देवीच्या शापामुळे तिला स्वतःहून बोलता येत नाही, समोरच्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणता येतात. रानात सोबत्यांपासून चुकलेला नार्सिसस ओरडतो, “कोणी आहे का इथे?” ती म्हणते, “इथे!” तो बावचळतो. मग ती झाडीतून बाहेर येऊन त्याला मिठी मारायला धावते आणि तो मागे सरतो: “मरण पत्करेन, पण चालू देणार नाही माझ्यावर तुझा हक्क!” तिला जेवढं म्हणता येतं तेवढं ती म्हणते: “माझ्यावर तुझा हक्क.” त्याचा नकार तिच्या तोंडी आला की तिची शरणागती होतो. पुढे ती झुरत जाते, हाडांचे दगड होतात, फक्त आवाज उरतो. एकोला विसरू नका, शेवटी आपल्याला तिच्याकडे यायचं आहे.

नाकारला गेलेला एक तरुण आकाशाकडे हात करून शाप देतो: यालाही असंच प्रेम होवो आणि ते त्याला न मिळो. नेमेसिस ही देवी ते ऐकते. मग ते तळं येतं, जिथे कधी गुराखी आला नाही की शेळी उतरली नाही, इतकं स्वच्छ. नार्सिसस पाणी प्यायला वाकतो आणि त्याला पाण्यात एक मुलगा दिसतो.

इथेच मेख आहे. त्याला दिसतो तो *दुसरा* मुलगा. आपण हसलो की तोही हसतो, हात पुढे केला की तोही करतो, ओठ हलतात पण आवाज पोहोचत नाही, असं तो त्या मुलालाच कळवळून सांगत राहतो. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात येतं: अरे, हा मीच. आणि लगेच तो जगातल्या कुठल्याच प्रियकराने न मागितलेली गोष्ट मागतो, की मला माझ्या शरीरापासून वेगळं होता आलं असतं तर! रडू येतं, आसवं पाण्यात पडतात, प्रतिमा फुटते, आणि तो ओरडतो, थांब, जाऊ नकोस. टायरेसियसचं भाकीत खरं होतं. स्वतःला ओळखल्यावरच तो संपतो. पाताळातसुद्धा तो स्टिक्स नदीच्या पाण्यात बघत बसलेला असतो, असं ओव्हिड जाता जाता सांगतो.

म्हणजे ज्याला आपण आत्मप्रेमाचा पुतळा म्हणतो, त्या मुलाने ‘मी किती सुंदर’ असं म्हणत दिवस काढलेले नाहीत. कोणीतरी दुसरं माणूस भेटलं या समजुतीवर त्याने जीव टाकला आणि ते माणूस तिथे नव्हतंच. मला हे गर्वापेक्षा एकटेपणाच्या जवळचं वाटतं.

ही गोष्ट खटकणारी मी पहिली नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा ग्रीक प्रवासी थेस्पियाच्या परिसरात नार्सिससचा झरा दाखवतात तिथे गेला आणि त्याने लिहून ठेवलं, की प्रेमात पडण्याच्या वयाच्या मुलाला माणूस आणि सावली यातला फरक कळू नये हा शुद्ध मूर्खपणा आहे. मग त्याने दुसरी, कमी प्रचारातली कथा दिली. नार्सिससला हुबेहूब त्याच्यासारखी जुळी बहीण होती, ती वारली, आणि पाण्यात स्वतःला बघताना तिची आठवण येई म्हणून तो तिथे जाऊन बसे. हे वाचल्यावर ओव्हिडची गोष्टही मला वेगळी दिसायला लागली. तळ्याकाठी बसलेला मुलगा सुतकात असेल, ही शक्यता कोणत्याही रीलमध्ये नाही.

(फुलाचं नाव मुलापेक्षा जुनं असावं. पॉसेनियसच सांगतो की पर्सेफनी या देवीला पळवून नेलं तेव्हा ती हीच फुलं खुडत होती, म्हणजे नार्सिससच्या आधी ही फुलं होतीच. आपण त्याला नर्गिस म्हणतो आणि उर्दू शायरीत नर्गिस म्हणजे डोळा. बघण्याशी हे फूल कुठूनही आलं तरी जोडलेलं आहे.)

मानसशास्त्रात हा मुलगा शिरला 1898 मध्ये. हॅवलॉक एलिस या इंग्रज डॉक्टरने एका लेखात, स्वतःच्याच रूपाच्या कौतुकात लैंगिक भावना पूर्ण बुडून जाण्याच्या प्रवृत्तीला ‘नार्सिसससारखी’ म्हटलं. पुढच्याच वर्षी पॉल नेके या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने त्या लेखाचा गोषवारा देताना या विशेषणाचं नाम करून टाकलं, तेच पुढे ‘नार्सिसिझम’ झालं. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने आधी श्रेय नेकेला दिलं, मग 1920 मध्ये एका तळटीपेत ते एलिसकडे वळवलं. असल्या तळटिपा मला आवडतात, पण तुमच्या कामाची गोष्ट एवढीच, की सुरुवातीला हा शब्द लैंगिक विकृतींच्या यादीतला होता. बढाईखोर नवऱ्याशी त्याचं काही नातं नव्हतं.

1914 मध्ये फ्रॉइडने नार्सिसिझमवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि शब्दाची जातच बदलली. त्याचं म्हणणं, हे सगळ्यांमध्ये असतं. जीव लावण्याची आपली जी शक्ती आहे ती आधी स्वतःवरच असते, मग बाहेर जाते, आणि दुखलं-खुपलं की परत आत येते. उदाहरण त्याने दाताचं दिलं. दाढ ठणकत असली की माणसाला प्रेम सुचत नाही, त्याचा सगळा जीव त्या एका दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसतो. ज्याची दाढ रात्री दोनला ठणकली आहे त्याला हा मुद्दा आणखी समजवावा लागत नाही. अमीबा जसा पाय बाहेर काढतो आणि आत ओढून घेतो, तसं प्रेमाचं असतं, हीही त्याचीच उपमा.

त्याच निबंधात आईबापांबद्दल एक परिच्छेद आहे. आपल्या वाट्याला न आलेलं सगळं या लेकराला मिळावं, आजार, मरण, जगाचे नियम यांनी त्याच्यापुरतं थांबावं, असं आईबापांना वाटतं. त्यांची ही माया म्हणजे त्यांचंच मागे पडलेलं आत्मप्रेम पुन्हा जन्माला आलेलं असतं, असं फ्रॉइड म्हणतो. जर्मन मजकुरात तो इथे मुद्दाम इंग्रजी शब्द टाकतो: हिज मॅजेस्टी द बेबी. आपल्याकडे बाळराजे आधीपासूनच होते.

या निबंधावर तो स्वतः खूश नव्हता. अवघड बाळंतपण होतं आणि मूल तसंच वेडंवाकडं निघालं, अशा अर्थाचं त्याने आपल्या एका सहकाऱ्याला कळवलं होतं. त्यातलं स्त्रियांविषयीचं विवेचन आज वाचवत नाही. पण एक गोष्ट टिकली. आजारी पडू नये म्हणून थोडं स्वतःवरचं प्रेम लागतं, आणि शेवटी आजारी पडू नये म्हणूनच दुसऱ्यावरही प्रेम करावं लागतं, असं तो लिहितो. मी हे पेशंटना फ्रॉइडचं नाव न घेता सांगते.

यानंतर प्रश्न उरतो तो आरशाचा. मुलाला आरशातला ‘मी’ केव्हा कळतो? 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बाळांच्या नाकावर नकळत लाली लावून त्यांना आरशासमोर बसवलं होतं. लहान बाळं आरशातल्या बाळाशी खेळतात, त्याला हात लावतात, आरशामागे जाऊन शोधतात. दीड ते दोन वर्षांच्या आसपास पोर स्वतःच्या नाकाला हात लावतं. माझ्या भाचीच्या गालावरची तीट बघून मी हा प्रयोग घरीच केला होता. सव्वा वर्षाची होती तेव्हा तिने आरशातल्या मुलीचा गाल पुसला. नार्सिसस सोळाव्या वर्षी तेच करत होता.

पण काचेचा आरसा ही फार उशिराची गोष्ट आहे. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने, जो मनोविश्लेषकही होता, 1967 मध्ये मांडलं की बाळाचा पहिला आरसा म्हणजे आईचा चेहरा. बाळ आईकडे बघतं तेव्हा, सगळं नीट असेल तर, त्याला तिथे स्वतः दिसतं, कारण त्याच्याकडे बघूनच तिचा चेहरा उजळलेला असतो. आई खचलेली, धास्तावलेली किंवा स्वतःतच अडकलेली असेल तर बाळाला फक्त आईचा मूड दिसतो आणि ते हवामान बघावं तसा तो बघायला शिकतं. दोष आईच्या माथी मारण्यासाठी हे लिहीत नाही. आईला तसं करून ठेवणाऱ्या परिस्थितीची यादी मोठी असते. लिरिओपीचं काय झालं होतं ते आठवा.

इथून पुढे दोन माणसांची नावं घ्यावी लागतात. हाइन्झ कोहट आणि ओटो कर्नबर्ग, दोघंही मनोविश्लेषक, दोघंही व्हिएन्नात जन्मलेले, दोघंही नाझींमुळे तिथून बाहेर पडलेले. जून 1938 मध्ये फ्रॉइड कायमचा व्हिएन्ना सोडून निघाला तेव्हा पंचवीस वर्षांचा कोहट स्टेशनवर गेला होता. त्याने टोपी उचलून सलाम केला आणि गाडीतून फ्रॉइडनेही टोपी उचलली, असं तो पुढे सांगत असे. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये चित्रकार साल्वादोर दाली ब्याऐंशी वर्षांच्या फ्रॉइडला भेटायला गेला तो स्वतःचं नार्सिससचं चित्र घेऊन. हा योगायोगच, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कोहटने 1971 मध्ये लिहिलं की अशी माणसं उपाशी असतात. लहानपणी ज्या वयात ‘बघ, मी केलं!’ म्हटल्यावर कोणीतरी डोळे विस्फारायला हवे होते त्या वयात ते झालं नाही, म्हणून पन्नाशीतही तो माणूस मीटिंगमध्ये तेच मागत असतो. यावर त्याचा उपाय होता समजून घेत राहणं, ती भूक लाजिरवाणी नाही हे कळू देणं. कर्नबर्ग इतका मवाळ नव्हता. 1975 च्या पुस्तकात त्याने मांडलं की वरच्या भव्य ‘मी’च्या खाली राग आणि मत्सर खदखदत असतो. दुसऱ्याकडे काही चांगलं आहे हेच सहन होत नाही, म्हणून त्याला कमी लेखलं जातं. मराठीत याला फार नेमका शब्दप्रयोग आहे, पाण्यात पाहणं. आपल्या भाषेत पाण्यात बघायचं ते दुसऱ्याला आणि द्वेषाने, ग्रीकांच्या मुलाने बघितलं स्वतःला आणि प्रेमाने. कर्नबर्ग वाचल्यावर वाटतं, दोन्ही एकाच तळ्याचे काठ आहेत.

कोण बरोबर? माझ्या अनुभवात, एकाच माणसाबाबत सोमवारी कोहट पटतो आणि गुरुवारी कर्नबर्ग.

एकाची गोष्ट, ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगते. चाळिशीतला यशस्वी माणूस, बायकोने ‘ट्रीटमेंट नाहीतर वकील’ म्हटल्यावर आलेला. बोलणं ऐटीत, माझ्या डिग्र्या तपासून घेतलेल्या. चौथ्या सेशनला तो काही सांगत असताना माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, फार तर एक सेकंद. तो हसत हसत वाक्य पूर्ण करून गेला आणि पुढची दोन सेशन आला नाही. तिसऱ्याला आला तेव्हा खाली बघत म्हणाला, “तुम्हाला कंटाळा येतो माझा.” आवाज आठ वर्षांच्या मुलाचा होता. तळ्यात एक थेंब पडला होता आणि त्याच्यासाठी सगळी प्रतिमा फुटली होती. खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएम-3 मध्ये, नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार पहिल्यांदा स्वतंत्रपणे आला. आज त्यात नऊ निकष आहेत आणि निदानासाठी किमान पाच लागतात: आपल्या महत्त्वाची फुगवलेली कल्पना, कौतुकाची सततची गरज, दुसऱ्याच्या भावनांची दखल न घेणं वगैरे. पण हे वागणं तरुणपणापासूनचं, घर, काम, मित्र सगळीकडचं आणि आयुष्य अडवणारं असावं लागतं. फक्त तुमच्याशीच तसा वागणारा आणि साहेबापुढे मऊ पडणारा माणूस वाईट वागतो आहे, एवढंच मी त्यावरून म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये तर हे नावच वेगळं ठेवलेलं नाही. तिथे व्यक्तिमत्त्व विकार किती तीव्र आहे आणि कोणत्या वळणाचा आहे ते बघतात. म्हणजे तज्ज्ञ ज्या शब्दाबद्दल साशंक व्हायला लागले, तो रील्सनी बाजारात आणला. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात (2008) हे निदान आयुष्यात कधीतरी बसू शकेल असे 6.2 टक्के लोक निघाले आणि इतर सर्वेक्षणांत त्याहून पुष्कळ कमी. ‘प्रत्येक घरात एक’ हे गणित कुठेच बसत नाही.

आणखी एक प्रकार रील्सच्या चौकटीत मावत नाही. 1991 पासून संशोधनात नार्सिसिझमचे दोन चेहरे मानले जातात, एक मिरवणारा आणि एक दुखावलेला. दुसरा बढाई मारत नाही. तो गप्प, हळवा, सतत अपमान मोजणारा आणि मनातल्या मनात सगळ्यांपेक्षा वरचा. त्याला घरचे ‘बिचारा साधा आहे’ म्हणतात.

बदलतात का? काही जण, सावकाश. या विकारावर गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावर उपचार होतात. थेरपी वर्षांच्या हिशेबात चालते आणि बरेच जण मध्येच सोडतात, बहुतेकदा ‘हा मीच’ हे दिसायला लागतं तेव्हा. ओव्हिडचा मुलगा त्या क्षणी काठावर एकटा होता. थेरपीत त्या वेळी शेजारी कोणीतरी बसलेलं असतं, आमचं कौशल्य जे काही आहे ते एवढंच. पण माणूस स्वतः यायला हवा. बायकोने रील दाखवून ‘बघ, हा तूच’ म्हटल्याने कोणी आल्याचं मी बघितलेलं नाही. उलट पुढच्या भांडणात तोच शब्द तुमच्यावर परत येतो.

तो हात उगारत असेल, धमकावत असेल, पैसे अडवत असेल, तर निदानाची वाट बघू नका. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याला त्याच्या व्यक्तिमत्त्वाशी देणंघेणं नाही, आणि 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करताना नार्सिससची गोष्ट सांगावी लागत नाही.

आता एको. तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. त्यात ‘तो म्हणतो’ अकरा वेळा आहे. तो म्हणतो मी फार संवेदनशील आहे, तो म्हणतो माहेरी जाऊन मी बिघडते, तो म्हणतो मला काही जमत नाही. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय, ‘मला काही जमत नाही हेही खरंच आहे.’ तिथे ‘तो म्हणतो’ नव्हतं.

त्याच्याबद्दल मी त्याला न भेटता काहीच सांगू शकत नाही. तुमच्याशी बोलायला मला आवडेल, किंवा तुमच्या गावातल्या कोणा समुपदेशकाशी बोला. जाण्याआधी एका कागदावर गेल्या महिन्याभरात तुम्हाला काय वाटलं ते लिहा, त्याचं नाव न आणता. चार ओळी झाल्या तरी चालतील.